साखर उतरली तेव्हां

मनुष्यास दुसऱ्याची चूक चटकन् दिसते व स्वतःची दिसत नाहीं, हें कांहीं नवें ज्ञान नव्हे. छत्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला तर हें विशेषच लागू. परंतु स्वतःची चूक स्वतःस न दिसण्याची अशीही एक अवस्था आहे कीं, तींत मनुष्याचा कांहीं दोष नसतो आणि तरीही तींत त्याचा प्राण जाऊं शकतो. ही गोष्ट आम्हांस वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, आमच्याच माजघरांत, पाटावर बसल्या बसल्या कळली. ज्या घरांत कोणी इन्शुलिन टोचून घेणारा मधुमेही आहे, त्या घरांतील सर्व मंडळींनीं, आणि विशेषतः आमच्यासारख्या हट्टी म्हाताऱ्यांनीं, ही हकीकत वाचावी म्हणून ती लिहीत आहों. तींत आमची शोभा वाढण्यासारखें फारसें कांहीं नाहीं, हें आधींच सांगून टाकतों.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. पुढें शिक्षकाची पदविका घेऊन सातारा जिल्ह्यांत मास्तरकी केली व २०१५ सालीं निवृत्त झालों. संस्कृत मात्र शाळेंत झालें नाहीं; तें घरीं वडिलांपाशीं झालें. पहांटे पांच वाजतां उठवून ते रूपें म्हणवून घेत. एक विभक्ति चुकली कीं सबंध शब्द पुन्हां पहिल्यापासून. त्या शिस्तीचा आम्हांस अभिमान आहे. त्या अभिमानाचा या हकीकतीशीं संबंध आहे म्हणूनच तो येथें सांगितला.

मधुमेह आम्हांस २००६ सालीं जडला. सोळा वर्षें गोळ्यांवर निभावलें. २०२२ च्या उन्हाळ्यांत डॉक्टर म्हणाले कीं, आतां नुसत्या गोळ्यांनीं भागत नाहीं, इन्शुलिन सुरू केलें पाहिजे. सकाळीं न्याहारीपूर्वीं १८ युनिट व रात्रीं जेवणापूर्वीं १० युनिट, असें प्रमाण ठरलें. हें इन्शुलिन मिश्र जातीचें. म्हणजे त्यांत थोडा भाग लवकर लागू पडणारा आणि मोठा भाग सावकाश, परंतु पुष्कळ तासपर्यंत चालणारा. सकाळीं टोचलेलें दुपारच्या जेवणापर्यंत आपलें काम करीत असतें. या शेवटच्या वाक्याचा अर्थ त्या वेळीं आमच्या ध्यानांत यावा तसा आला नाहीं.

घरांतील व्यवस्था मात्र चोख होती. साखरेचा डबा आमच्या दृष्टीआड वरच्या फळीवर गेला होता. दिवाळींत आमच्या ताटांत अर्धा लाडू पडे, आणि तोही सर्वांच्या नजरेच्या पहाऱ्यांत. साखर म्हणजे आमचें विष, अशी घरांतील लहानथोरांची पक्की समजूत होऊन बसली होती. विष कोणत्या वेळीं औषध होतें, हें कोणीं शिकविलें नव्हतें. आणि ज्यांना शिकविलें होतें त्या आमच्या सूनबाईंचें आम्ही ऐकत नव्हतों.

साखर वाढण्याचा रोग आपल्याकडे पुरातन आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत, आणि रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात ही खूण चरकसंहितेंत नोंदलेली आहे. परंतु औषधानें साखर नको तितकी खालीं उतरण्याची ही आपत्ति त्या मानानें नवी. ती इन्शुलिनच्या पाठोपाठ आली. कॅनडांतील टोरोंटो येथें १९२१ सालीं बँटिंग व बेस्ट यांनीं तें शोधून काढलें, आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलास तें पहिल्यानें टोचण्यांत आलें. तें औषध अशुद्ध निघालें. पुढें कॉलिप यांनीं शुद्ध केलेलें त्याच महिन्यांत दिलें तेव्हां गुण आला. याच कॉलिप यांना सशांवर प्रयोग करतांना असें दिसून आलें कीं, औषध अधिक झालें म्हणजे धडधाकट ससा आंचके येऊन पडतो, आणि त्यास ग्लूकोज दिलें कीं तो उठून बसतो. म्हणजे अमृत हातीं आलें त्याच दिवसांत त्याचा हा दुसरा गुणही कळून चुकला होता. आरंभीं इन्शुलिनचें बळ मोजलें जाई तेंही सशाची साखर किती उतरते यावरून. शंभर वर्षांपूर्वीं सशांनीं दिलेला धडा आम्हांस मात्र स्वतः पडल्यावांचून समजला नाहीं.

वास्तविक पडण्यापूर्वीं दोन इशारे मिळाले होते. त्याच वर्षीं श्रावणांत संध्याकाळीं फिरून परत येत असतां आमचे हात थरथरूं लागले, पोटांत खड्डा पडल्यासारखी भूक लागली व अंगाला दरदरून घाम सुटला. देवळांतला खडीसाखरेचा प्रसाद खिशांत होता तो तोंडांत टाकला, आणि थोड्या वेळानें सर्व पूर्ववत् झालें. पुढें महिन्याभरानें तसेंच एकदां झालें. दोन्ही वेळां आम्हीं घरीं एक अक्षर काढलें नाहीं. डॉक्टरांनीं विचारलें, “मध्यंतरीं कधीं साखर कमी झाल्यासारखें वाटलें का?” आम्हीं म्हटलें, “छे!”

हें खोटें आम्ही कां बोललों? लाज वाटते, पण सांगतों. घरीं कळलें असतें तर आमचें एकट्यानें फिरावयास जाणें बंद झालें असतें. संध्याकाळीं चार मुलें संस्कृत शिकावयास येतात तीं कदाचित् बंद झालीं असतीं. हळूहळू ‘तुम्ही बसा, आम्ही पाहतों’ हें सर्वच बाबतींत सुरू झालें असतें. म्हातारपणीं मनुष्य मरणाला भितो त्याहून अधिक या ‘तुम्ही बसा’ला भितो. तथापि ही भीति कितीही खरी असली तरी डॉक्टरांशीं खोटें बोलण्यास तें कारण पुरेसें नव्हतें. तेव्हांच खरें सांगितलें असतें तर सकाळचें प्रमाण त्यांनीं कमी केलें असतें, आणि पुढील प्रसंग बहुधा ओढवलाच नसता.

मार्गशीर्षांत वडिलांची तिथि आली. श्राद्धाचे दिवशीं ब्राह्मणभोजनापूर्वीं कर्त्यानें अन्न घ्यावयाचें नाहीं, हा आमच्या घरचा शिरस्ता. मागील वर्षीं आम्ही दुपारीं दोनपर्यंत उपाशी राहिलों होतों व कांहीं झालें नव्हतें. परंतु मागील वर्षीं आम्ही गोळ्यांवर होतों, हा फरक लक्षांत घेतला नाहीं. सकाळीं साडेसात वाजतां नेहमींप्रमाणें १८ युनिट टोचून घेतलें, आणि न्याहारीच्या ऐवजीं पेलाभर दूध घेतलें. सूनबाईंनीं विचारलें, “मामंजी, आज जेवायला उशीर होणार. इन्शुलिन किती घ्यायचें तें डॉक्टरांना फोन करून विचारूं का?” आम्हीं उत्तर केलें, “नेमून दिलेलें औषध चुकवूं नये एवढें आम्हांस समजतें.” पुढें त्या बोलल्या नाहींत.

श्राद्धाचा काळ मध्यान्हीचा. गुरुजी साडेअकरास आले. बाराच्या सुमारास संकल्पास आरंभ झाला. पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप व प्रपितामह आदित्यरूप, अशीं तीन पिढ्यांचीं नांवें गोत्रासह उच्चारावयाचीं असतात. वडिलांचें नांव निघालें. पुढें पितामहांचें नांव घ्यावयाचें, तों तें सांपडेना. गुरुजी थांबले. आम्हीं पुन्हां वडिलांचेंच नांव घेतलें. गुरुजींनीं मान हालविली. मग आम्हीं जें नांव घेतलें तें आमचें स्वतःचें होतें.

“मास्तर, तें आपलें नांव झालें,” गुरुजी हलक्या आवाजांत म्हणाले.

येथपर्यंतचें आम्हांस अंधुक आठवतें. यापुढचें आमच्या दहा वर्षांच्या नातवानें सांगितलें, आणि त्यानें तें जसेंच्या तसें सांगितलें. कारण खोटें बोलूं नये हें आम्हींच त्याला शिकविलें आहे. आम्ही गुरुजींवर खेंकसलों कीं, “संस्कृत आम्हांस शिकवूं नका.” मार्गशीर्षाच्या थंडींत आमच्या कपाळावरून घाम निथळत होता. तो पाहून सूनबाईंनीं साखरेचें पाणी कालवून आणलें. आमच्या वडील बहिणी, आक्का, दारांत उभ्या होत्या. त्या ओरडल्या, “अग, मधुमेहाच्या माणसाला साखर पाजतेस? आणि तीही पिंडाच्या आधीं?” सूनबाई तशाच पुढें झाल्या. तेव्हां आम्हीं फुलपात्र हातानें उडविलें व चार पाहुण्यांदेखत म्हणालों, “तुझ्या माहेरीं श्राद्धें होत नसतील. आमच्या घरीं होतात.” पाणी दर्भांवर सांडलें. आणि आम्ही बसल्या जागीं भिंतीला कललों.

सूनबाईंनीं दुसरें फुलपात्र भरून आणलें. आम्हीं दांत घट्ट मिटले होते. तेव्हां गुरुजी आसनावरून उठून आमच्यासमोर बसले आणि मोठ्यानें म्हणाले, “मास्तर, औषधानें व्रत मोडत नाहीं आणि गुरूच्या वचनानेंही मोडत नाहीं. हें औषध आहे, आणि प्या असें मी सांगतों आहें.” शास्त्रकारांची ही सवलत वडिलांनीं आम्हांस लहानपणींच शिकविली होती. बुद्धि जाग्यावर नव्हती, परंतु इतकें जुनें शिकविलेलें कोठेंतरी शिल्लक असावें. आम्ही प्यालों.

नातवानें यंत्र आणलें. बोटाच्या रक्तांत साखर ४१ निघाली. पंधरा मिनिटांनीं ६३ झाली. पुन्हां तेवढेंच साखरेचें पाणी दिलें, तेव्हां आणखी पंधरा मिनिटांनीं ९६ झाली. डॉक्टरांना फोन केला. त्यांनीं ताबडतोब जेवावयास सांगितलें, कारण सकाळचें इन्शुलिन अद्याप संपलें नव्हतें. आम्ही दुसऱ्या खोलींत वरणभात जेवलों. उरलेलें कर्म गुरुजींनीं आमच्या चिरंजीवांच्या हातून करविलें. वडिलांच्या श्राद्धास आम्ही हजर असून पिंड दुसऱ्याच्या हातून पडले, असें त्या एकाच वर्षीं झालें.

असें कां होतें तें डॉक्टरांनीं पुढें समजावून दिलें. मेंदूचें वजन शरीराच्या शेंकडा २ च्या आसपास; परंतु शरीराच्या इंधनापैकीं जवळजवळ शेंकडा २० एकटा मेंदूच खातो. हें इंधन मुख्यतः ग्लूकोजचें, दिवसाकाठीं सुमारें १२० ग्रॅम, आणि त्याचा सांठा मेंदूपाशीं जवळजवळ नसतो. निरोगी मनुष्याची साखर उतरूं लागली म्हणजे त्याचें शरीर स्वतःचें इन्शुलिन आंखडतें घेतें व यकृतांतली शिल्लक बाहेर काढतें. परंतु टोचलेलें इन्शुलिन म्हणजे सुटलेला बाण. तें मागें घेतां येत नाहीं. साखर ७० च्या खालीं गेली कीं बहुधा पहिली घंटा होते: कंप, घाम, धडधड, भूक. ५४ च्या खालीं प्रकरण गंभीर होतें, आणि तेथें मेंदू उपाशी पडूं लागतो. जीभ अडखळते, माणूस भलतेंच बोलतो, चिडतो, हट्टास पेटतो. म्हणजे ज्या बुद्धीनें ‘आतां आपण साखर खाल्ली पाहिजे’ असें ठरवावयाचें, तीच बुद्धि सर्वांत आधीं रजेवर जाते. रोग्यानें ‘मला कांहीं झालेलें नाहीं’ म्हणणें हें अशा वेळीं प्रकृति चांगली असल्याचें लक्षण नसून पुष्कळदां त्या विकाराचेंच लक्षण असतें.

आणखी एक गोष्ट ऐकून आम्ही चपापलों. साखर वारंवार उतरूं लागली म्हणजे शरीराला त्याची संवय होते व ती पहिली घंटा वाजेनाशी होते. मनुष्य एकदम दुसऱ्याच पायरीवर जाऊन कोसळतो. आमचे लपविलेले दोन प्रसंग अशा रीतीनें तिसऱ्याची वाट मोकळी करून देत होते. सुदैवाची गोष्ट ही कीं, कांहीं आठवडे साखर उतरूं न दिल्यास ही घंटा बहुतेकांच्या बाबतींत पुन्हां बरीचशी वाजूं लागते. रक्तदाबाकरितां अथवा हृदयाकरितां दिल्या जाणाऱ्या कांहीं गोळ्याही कंप आणि धडधड झांकून ठेवतात. घाम मात्र त्या झांकूं शकत नाहींत. म्हणून थंडीच्या दिवसांत, श्रम नसतां मधुमेह्यास घाम आला तर घरच्यांनीं तो पंख्याखालीं बसवून सोडून देऊं नये.

नातवाकडून सगळें ऐकल्यावर दोन दिवस आम्ही सूनबाईंशीं बोललों नाहीं. त्या वेळीं आम्ही भानावर नव्हतों हें खरें. पण तेवढ्यानें शब्द परत येत नाहींत. शिवाय सकाळीं फोन करूं का म्हणून विचारलें तेव्हां आम्ही पूर्ण भानावर होतों, आणि डॉक्टरांपुढें ‘छे!’ म्हटलें तेव्हांही होतों. या दोन गोष्टींस साखरेची सबब सांगतां येण्यासारखी नव्हती. तिसऱ्या दिवशीं रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं सर्वांना माजघरांत बसविलें. चूक चारचौघांत झाली होती, म्हणून क्षमाही चारचौघांतच मागावयाची असें ठरविलें. सत्तर वर्षांच्या आक्का, आमची मंडळी, चिरंजीव, धाकटे बंधु, नातवंडें, सर्व बसलीं होतीं. आम्हीं सूनबाईंची क्षमा मागितली आणि लपविलेल्या दोन्ही प्रसंगांची हकीकत सांगितली. आयुष्यांत इतकें अवघड पाठांतर आम्हीं दुसरें म्हणून दाखविलेलें नाहीं.

सूनबाई कांहीं वेळ खालीं पाहत बसल्या. मग म्हणाल्या, “मामंजी, तुम्ही बोललांत त्याचें वाईट वाटलें नाहीं असें मी म्हणणार नाहीं, वाटलें. पण यापुढें मी ‘प्या’ म्हटलें कीं वाद न घालतां प्यायचें, एवढें वचन मला द्या.”

वचन दिलें. परंतु त्यानंतर आमचें दुसरें टोंक सुरू झालें. इतके दिवस भीति नव्हती ती आतां इतकी बसली कीं, जरा कोठें अंग हललें कीं साखर तोंडांत टाकूं लागलों, आणि रात्रीं झोंपेंत कांहीं होईल म्हणून रात्रींची सुई मधून मधून चुकवूं लागलों. महिन्याभरानें तपासलें तर उपाशीपोटीं साखर २८० वर गेली होती. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, हें आगींतून निघून फुफाट्यांत पडणें झालें. इन्शुलिन टाकून द्यायचें नाहीं. त्याच्याशीं नीट वागायला शिकायचें.” त्यांनीं दोन्ही वेळचीं प्रमाणें बदलून दिलीं, आणि वृद्धाची साखर फार खालीं ओढण्याचा आग्रह धरूं नये, हें चिरंजीवांनाही सांगितलें. त्यांच्या सल्ल्यानें आमच्या घरांत जी व्यवस्था ठरली ती येथें देतों. प्रत्येकानें ती आपल्या डॉक्टरांस विचारून आपल्यापुरती ठरवावी.

पहिली गोष्ट, इन्शुलिन आणि जेवण हीं एका गाडीचीं दोन चाकें. जेवणाची वेळ अनिश्चित असेल त्या दिवशीं, म्हणजे श्राद्ध, मुंज, लग्न, प्रवास अथवा उपास असेल त्या दिवशीं, किती इन्शुलिन घ्यावयाचें तें आदल्या दिवशींच विचारून ठेवावयाचें. अधिक चालणें व अंगमेहनतही साखर उतरवितात, आणि पुष्कळदां कांहीं तासांनंतर उतरवितात. मूत्रपिंडें अशक्त झालीं असल्यास इन्शुलिन शरीरांत अधिक वेळ रेंगाळतें.

दुसरी गोष्ट, सुई. आपल्याकडे बाटलींतील इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्यें ४० युनिट बळाचें असतें, आणि पेनांतील १०० युनिटांचें. लाल टोंपणाची सिरिंज ४० ची व नारिंगी टोंपणाची १०० ची. १०० चें औषध ४० च्या सिरिंजमध्यें त्याच खुणेपर्यंत भरलें तर अडीचपट इन्शुलिन अंगांत जातें. म्हणून बाटली व सिरिंज यांवरील आंकडे जुळले आहेत कीं नाहींत तें आमचा नातू मोठ्यानें वाचतो, मगच आम्ही सुई भरतों. घेतल्याची खूणही तेव्हांच भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत करतों. विसरून दुसऱ्यांदा घेण्याचे प्रकार म्हाताऱ्यांत घडतात.

तिसरी गोष्ट, उतार. साखर ७० च्या खालीं दिसली, किंवा लक्षणें दिसलीं आणि यंत्र जवळ नसलें, तर वाट पाहावयाची नाहीं. ग्लूकोजची पूड किंवा साखर सुमारें १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यांत कालवून द्यावयाची. नाहीं तर लहान पेलाभर फळांचा गोड रस अथवा मोठा चमचाभर मध. पंधरा मिनिटांनीं पुन्हां मोजावयाचें. ७० च्या वर गेली नसेल तर तेवढेंच पुन्हां द्यावयाचें. वर गेली कीं, जेवणास वेळ असल्यास, थोडें अन्न खावयाचें. लाडू, पेढा, बर्फी, चॉकलेट यांवर अशा वेळीं भिस्त ठेवूं नये. त्यांतील तुपानें व स्निग्धांशानें साखर रक्तांत पोंचावयास उशीर लागतो. ‘बिनसाखरेची’ म्हणून जीं पेयें मिळतात तीं तर कुचकामाचीं. आणि जे रोगी अकार्बोज किंवा वोग्लिबोज नांवाची गोळी घेतात त्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाहीं. त्यांना शुद्ध ग्लूकोजच द्यावें.

चौथी गोष्ट, शुद्ध हरपली असल्यास. रोग्याला गिळतां येत नसेल तर तोंडांत पाणी, साखर, कांहींही घालूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. त्यास कुशीवर निजवावें व तात्काळ दवाखान्यांत न्यावें. तेथें शिरेंतून ग्लूकोज देतात. ग्लूकागॉन नांवाचें यकृतांतील साखर बाहेर काढणारें औषध घरीं ठेवण्यास डॉक्टरांनीं सांगितलें असेल, तर तें कसें द्यावयाचें हें निदान दोघांनीं शिकून ठेवावें. आम्ही त्या दिवशीं आणखी अर्धा तास हट्ट केला असता तर आमच्यावर हाच प्रसंग येता.

पांचवी गोष्ट, रात्र. भयंकर स्वप्नें, घामानें भिजलेला सदरा, सकाळीं उठतांना जड डोकें, हीं सर्व रात्रीं साखर उतरल्याचीं चिन्हें असूं शकतात. पूर्वीं आम्ही तीं अपचनाच्या खात्यावर टाकीत असूं. आतां तसा संशय आला कीं आमची मंडळी रात्रीं तीन वाजतां उठून बोटाला सुई टोचते. ‘झोंपमोड करूं नको’ म्हणावयाची आम्हांस परवानगी नाहीं.

ग्लूकोजचा एक डबा आतां स्वयंपाकघरांत खालच्या फळीवर आहे, दुसरा उशाशीं आणि लहान पुडी आमच्या सदऱ्याच्या खिशांत. आक्कांनींच तो खालच्या फळीवर ठेवविला. येणाऱ्याजाणाऱ्यास त्या सांगतात, “आमच्याकडे साखर औषधाच्या डब्यांत असते.”

नातवानें स्वतःची एक रीत काढली आहे. आम्ही फिरून आलों कीं तो एखादें रूप विचारतो. “आजोबा, पितामह शब्दाची षष्ठी?” आम्हीं चटकन् सांगितलें तर तो खेळावयास जातो. या रीतीस वैद्यकशास्त्राचा आधार नाहीं, आणि ती यंत्राची जागा घेऊं शकत नाहीं, हें त्यालाही ठाऊक आहे. परंतु २०२४ च्या भाद्रपदांत एके संध्याकाळीं त्यानें असेंच विचारलें, आणि आम्ही उत्तर न देतां त्याच्यावर ओरडलों, “तुला नसत्या चौकशा कशाला हव्यात?” मुलगा हिरमुसला नाहीं. त्यानें आईला हांक मारली. सूनबाई फुलपात्र घेऊन आल्या व म्हणाल्या, “प्या.” आमच्या मतें आम्हांस कांहींएक झालेलें नव्हतें. आम्ही ठणठणीत होतों, आणि पोरानें उगीच कांगावा केला असेंच आम्हांस त्या क्षणीं वाटत होतें. तरी वचन दिलें होतें म्हणून प्यालों. यंत्रानें ५८ दाखविले.

तें आंकडे पाहून आम्हांस जें कळलें तें इतर मधुमेह्यांना सांगावेंसें वाटतें. आपली बुद्धि जाग्यावर असतांना आपण आपल्या माणसांना अधिकार देऊन ठेवावा, म्हणजे ती जाग्यावर नसतांना तो उपयोगी पडतो. आयत्या वेळीं तो देणारा शुद्धीवर नसतो. ज्याला आम्ही ‘तुम्ही बसा’ म्हणून भीत होतों तें या व्यवस्थेनें आलें नाहीं. आम्ही अजून एकटे फिरावयास जातों, संध्याकाळीं मुलें शिकावयास येतात. लपवालपवी चालू राहिली असती तर मात्र तें दोन्ही केव्हांच सुटलें असतें.

वडिलांचें श्राद्ध यथाकाल होतें. आदल्या दिवशीं डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवितों, आणि सकाळीं गुरुजींच्या अनुज्ञेनें थोडें खातों. औषधाचाच तो भाग आहे असें गुरुजी म्हणतात. संकल्पाच्या वेळीं सूनबाई दाराशीं फुलपात्र घेऊन उभ्या असतात, आणि आम्ही तीन पिढ्यांचीं तीन नांवें नीट उच्चारतों. चौथें सांगण्याची अद्याप घाई नाहीं.